भोक न पाडता

जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, ताशी जवळजवळ १४,००० किलोमीटर वेगाने फिरत असतात. दिवसातून दोन प्रदक्षिणा. तेवढ्या उंचीवर आणि तेवढ्या वेगात त्यांच्यावरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या हिशेबाने ते तसंच व्हायचं असतं, आणि ती तफावत आधीच धरून ठेवलेली असते. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन आपण कुठे आहोत हे पाचएक मीटरच्या आत सांगतो. आपल्या देशाने स्वतःची ‘नाविक’ ही यंत्रणाही उभी केली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ च्या रात्री श्रीहरिकोट्याहून उडाला. थोडक्यात, आकाशातलं काम चोख झालेलं आहे. आपल्याकडे उरलंय ते शेवटचं दीड फूट. फोन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर उभा राहायला हवा, एवढंच.

आणि नेमका तोच तिथे राहत नाही.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावरचं ते एस आकाराचं वळण आठवा. गाडी डावीकडे, मग उजवीकडे, आणि होल्डर फोनसकट खाली. फोन सीटखाली गेला तरी आतली बाई बोलायची थांबत नाही. पायपुसण्याच्या दिशेने तिचा शांत आवाज येत राहतो : दोनशे मीटरवर डावीकडे वळा. ती स्वतः कुठे पडली आहे, याचं तिला काही सोयरसुतक नसतं. मागच्या सीटवरची मंडळी वाकून शोधू लागतात, कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी डोक्यावर आपटतं, आणि ड्रायव्हरला एकच काळजी असते, की हा प्रकार घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली येऊ नये. हसण्यासारखं आहे खरं, पण ते घाट संपल्यावर.

गाडीत फोन उभा करण्याचे जेवढे म्हणून प्रकार बाजारात आहेत, त्या सगळ्यांमागे एकच अट आहे. भोक पाडायचं नाही. फोन घट्ट बसला पाहिजे, हलता कामा नये, पण गाडीला त्याची खूण राहता कामा नये. भाड्याच्या घरात मालकाने खिळा ठोकायला मनाई केल्यावर भाडेकरू कॅलेंडर जसं दाराच्या कडीला, खिडकीच्या गजाला नाही तर फ्रिजच्या हँडलला लटकवत हिंडतो, तशी आपली गत असते. फरक इतकाच, की इथे घर आपलंच आहे आणि मनाई करणारे मालकही आपणच.

नव्या गाडीची आपल्याकडे पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, शोरूमवाल्यांसह सगळ्यांना पेढे. सीटवरचं प्लास्टिक काढायला महिना-दोन महिने कुणी धजत नाही. अशा गाडीच्या डॅशबोर्डला ड्रिल लावायचं म्हणजे घरात कुणी जेवणार नाही. बाहेरून मात्र दुचाकीवाले, टेम्पोवाले आणि सोसायटीत क्रिकेट खेळणारी मुलं त्याच गाडीवर हवे तेवढे चरे ओढतात. ते आपण ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो. बाहेरचा ओरखडा हा नशिबाचा भाग झाला. आतलं भोक हे आपलं कर्म ठरतं.

मग आपण नाना पेठेत जातो. पुण्यात गाडीची एखादी गोष्ट हवी असली की पाय तिकडेच वळतात. दुकानदार काउंटरवर सात-आठ प्रकारचे स्टँड मांडतो.

“काका, हा घ्या. एकदम घट्ट बसतो.”

“गॅरंटी?”

“गॅरंटी नाही येत याला. पण घट्ट बसतो.”

यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे सक्शनवाला. काचेला रबरी वाटी दाबायची, खालची कळ फिरवायची, की झालं. याचं शास्त्र मोठं रुबाबदार आहे. वाटीच्या आतली हवा निघून गेली की बाहेरची हवा तिला काचेवर दाबून धरते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. सात सेंटिमीटर व्यासाची वाटी धरली तर आत पूर्ण पोकळी असताना तिच्यावर अडतीसएक किलोंचा भार पडतो. सतराव्या शतकात जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिक याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून त्यांतली हवा काढून घेतली होती, आणि दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सुटेनात. नगराध्यक्षाने स्वतः निर्माण केलेल्या पोकळीचा जगाला उपयोग झाल्याचं हे उदाहरण दुर्मिळच म्हणायचं.

जे घोड्यांच्या टोळीला जमलं नाही, ते आपल्याकडचा एक गतिरोधक करून दाखवतो. याला कारणं आहेत. एक म्हणजे वाटीत पूर्ण पोकळी कधीच नसते. थोडी हवा राहतेच, आणि कडेच्या धुळीच्या कणाजवळून आणखी थोडी रोज आत सरकते. दुसरं ऊन. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच आणि डॅशबोर्ड हात लावू नये इतके तापतात. वाटीचं मऊ प्लास्टिक त्या उष्णतेत आणखी मऊ पडतं, मग हळूहळू कडक होतं, तिची कड वाकडी होते आणि काचेशी असलेलं तिचं सख्य संपतं. तिसरं कारण मला फार आवडतं, पण ते खरं तर नाममात्र आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ पंधरा टक्के कमी. म्हणजे आपली अडतीस किलोंची मिठी पसरणीचा घाट चढून वर जाईपर्यंत पाच-सहा किलोंनी सैल झालेली असते. पाचगणीला होल्डर पडला, की मी हे कारण सांगतो. बायको म्हणते, “अहो, तो वाईतच लोंबत होता.” शास्त्राला घरात मान नाही.

सैल वाटीवर लोक जे उपाय सांगतात ते ऐकावेत. गरम पाण्यात बुडवा. टूथपेस्ट लावून धुवा. एकाने खोबरेल तेल सांगितलं होतं. त्यानंतर वाटी पडली नाही, नुसती घसरत घसरत वायपरपर्यंत गेली. आणि सगळ्यांचा शेवटचा, हमखास उपाय म्हणजे जिभेने ओली करणे. यात तथ्य आहे. ओलावा कडेच्या बारीक फटी बुजवतो आणि वाटी तेवढ्यापुरती धरते. पाणी सुकलं की पुन्हा आहे तिथेच. तरीही सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत एखादा चांगला शिकलासवरला माणूस काळी रबरी वाटी चाटताना दिसला, तर त्याच्याकडे रोखून पाहू नये. त्याला हिंजवडीत मीटिंग असते.

आता याच डॅशबोर्डवर दुसरीकडे पाहा. तिथे गणपती आहे. गाडी घेतली त्या दिवशी बसवला, त्याच्या पायाखाली दुहेरी चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, बाकी काही नाही. खंबाटकी झाला, वरंध झाला, पावसाळ्यातला मुंबई-गोवा महामार्ग झाला. गणपती हलला नाही. भाविक लोक याचा जो अर्थ लावायचा तो लावतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण लंबोदर असण्याचे यांत्रिक फायदेही आहेत. रुंद बैठक, सगळं वजन खाली, उंची दोन-अडीच इंच. गाडी उसळली तरी त्याला उलथवणारी ताकद जवळपास नसतेच. उलट फोन हा दोनशे ग्रॅमचा चपटा ऐवज एका लांब दांड्याच्या टोकावर उभा केलेला असतो. खड्ड्यात चाक गेलं, की तो झटका दांड्याच्या लांबीने वाढून वाटीच्या एका कडेवर येतो, आणि वाटी नेहमी कडेपासूनच सुटते. म्हणून दांडा जितका लांब, तितका होल्डर अल्पायुषी. दुकानात मात्र लांब दांड्याचा स्टँड जास्त महाग असतो, आणि आपण तो हौसेने घेतो, कारण तो हवा तसा वळतो.

गतिरोधकाचं म्हणाल, तर त्याचंही प्रमाण ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे, म्हणजे एक लांबलचक, सौम्य उंचवटा. गाडी त्यावरून ताशी २५ किलोमीटरने अलगद जावी, अशी कल्पना. आपल्या गावाबाहेर जो असतो तो उंचीला प्रमाणाबाहेर आणि रुंदीला हातभर. रस्त्याचं उरलेलं डांबर आणि गावकऱ्यांचा उरलेला राग एकत्र ओतून तो केलेला असतो. कुठलाही स्टँड तयार करणाऱ्या चिनी कारखान्यातल्या इंजिनिअरला हा गतिरोधक एकदा दाखवायला हवा.

गणपतीवरून आठवलं. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, शेजारच्या सीटसमोर जे झाकण असतं, त्याच्या आत हल्ली एअरबॅग असते. ती सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात, पापणी लवायच्या आत फुगते. त्या झाकणावर जे काही चिकटवलेलं असेल, मग तो होल्डर असो, मान हलवणारी बाहुली असो की देव असो, ते समोर बसलेल्याच्या तोंडावर येतं. तेव्हा देव आणि फोन दोघांनाही मध्यावर बसवावं. यात विनोद काही नाही.

सक्शनला कंटाळलेला माणूस एसीच्या जाळीकडे वळतो. जाळीच्या पात्यात अडकवायची क्लिप. हा प्रकार सुरुवातीला इतका आवडतो की आपण दोन-चार ओळखीच्यांना भेटही देतो. फोन स्टिअरिंगच्या जवळ येतो, काच मोकळी राहते, आणि नकाशा व चार्जिंग एकदम चालू असताना तापणारा फोन थंड हवेत गार राहतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर ही चैन नाही, गरज आहे. तापलेला फोन आपणहून पडदा मंद करतो आणि फारच तापला तर बंद पडतो, तोही बरोबर उड्डाणपुलाखालून जायचं की वरून, या क्षणी. पण मग हवेचा तो झोत फोनच घेतो. “अहो, एसी तुम्हाला लावलाय की फोनला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पुढे एक दिवस ते पातळ पातं मोडतं. सर्व्हिस सेंटरवाला सांगतो, की नुसतं पातं मिळत नाही, अख्खी जाळी घ्यावी लागेल. तिचा भाव ऐकल्यावर जाणवतं, की दीडशे रुपयांच्या क्लिपने बरंच काही साधलं.

चुंबकवाल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. निओडिमियमची चुंबकं १९८० च्या दशकात निघाली आणि करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यात मोठी ताकद आली. फोन नुसता जवळ नेला की टक्कन बसतो, याचं सुख मोठं आहे. बहुतेक फोनच्या पाठीला मात्र लोखंडी चकती चिकटवावी लागते, मग वायरलेस चार्जिंग विसरा. शिवाय फोनमधलं होकायंत्र त्या चुंबकाने गोंधळतं. गाडी सिग्नलला थांबली, की नकाशावरचा बाण स्वतःभोवती फिरू लागतो. स्वारगेटच्या चौकात तसा माणूसही फिरतो, त्यामुळे बाणाला दोष देण्यात अर्थ नाही.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिकडे काचेवर कुठे काय लावायचं हे कायद्यात इंचांनी मोजून दिलं आहे. २००९ पासून जीपीएस यंत्र काचेवर लावायची मुभा आहे, पण ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचाच्या चौकोनात, किंवा पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात सात इंचाच्या चौकोनात, आणि एअरबॅगच्या वाटेत न येता. त्याआधी काचेवर लावणंच बेकायदा होतं. म्हणून तिकडे वाळूसारखे दाणे भरलेल्या जड पिशव्यांवर यंत्र बसवायची पद्धत पडली. पिशवी डॅशबोर्डवर नुसती ठेवायची. तळाला न घसरणारं कापड, बाकी स्वतःच्या वजनाने बसते. भाच्याने मोठ्या प्रेमाने एक आणून दिली. तिकडच्या गुळगुळीत रस्त्यावर ती मांड ठोकून बसत असेल. सिंहगड रस्त्यावर ती स्वतःच एक प्रवासी झाली. आता ती आमच्याकडे दार आपटू नये म्हणून लावतात आणि त्या कामात तिने कधी निराश केलं नाही.

ब्रिटनमधली गोष्ट आणखी मजेदार. फोनमध्ये नकाशे यायच्या आधी लोक वेगळं जीपीएस यंत्र विकत घेत आणि गाडीतून उतरताना काढून पिशवीत टाकत. पण काचेवर वाटीचा गोल डाग राही. चोर तो डाग पाहून काच फोडत, कारण यंत्र कप्प्यातच असणार हे उघड होतं. शेवटी पोलिसांनीच लोकांना सांगितलं, की यंत्र नेता ते नेता, डागही पुसून जा. खूण राहू नये म्हणून भोक पाडलं नाही, तर तिथेही खूण राहिलीच.

आणि मुळात ही यंत्रं अशी भोकं न पाडता बसवायची, हे कुणाला सुचलंच नव्हतं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एटॅक कंपनीने मोटारीसाठी नकाशायंत्र विकायला काढलं, तेव्हा सामान्य माणसाच्या गाडीत जीपीएस यायला अजून अवकाश होता. नकाशे कॅसेटवर असत. गाडी किती सरकली ते चाकांवरचे सेन्सर मोजत, दिशा होकायंत्र सांगे, आणि डॅशबोर्डजवळ एक छोटा हिरवट पडदा उभा असे. शहर मोठं असलं की एका कॅसेटमध्ये मावत नसे. चालता चालता कॅसेट बदलायची. हे सगळं कारागिराकडून, वायरी ओढून बसवून घ्यावं लागे. यंत्र एवढं महाग, की भोकाचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. यंत्र स्वस्त झालं आणि भोक महाग झालं.

आपल्याकडचा नियमही पाहण्यासारखा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. गाडी चालवताना हातातलं यंत्र फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येईल, आणि तेही ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पडलेला फोन एका हाताने मांडीवर धरून, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवत चांदणी चौकात आपण योग्य फाटा शोधत असतो, त्या रीतीत लक्ष विचलित होतं की नाही, हे हवालदाराला समजावून सांगणं कठीण आहे.

शेजारच्या नव्या गाडीत कंपनीनेच भलामोठा पडदा दिला आहे. फोन खिशात ठेवा, नकाशा पडद्यावर. शेजारी खुशीत होते. परवा लिफ्टमध्ये म्हणाले, “नकाशा दिसतो हो छान, पण फोन कुठे ठेवायचा कळत नाही. एखादा चांगला होल्डर माहितीये का?”

मला उत्तर मिळालं ते एका रिक्षात. हँडलच्या वर, मीटरशेजारी, ड्रायव्हरने फोनसाठी पत्र्याचा एक साधा कंस बसवला होता. दोन स्क्रू. फोनला वरून आडवा रबरी पट्टा, सायकलच्या ट्यूबचा कापलेला. दांडेकर पुलाजवळच्या खड्ड्यांवरून रिक्षा जात होती, माझे दात वाजत होते, आणि फोनवरचा नकाशा भिंतीवर टांगल्यासारखा स्थिर होता.

“हे कुठून घेतलंत?” मी विचारलं.

“घेतलं कुठे काका, बसवलं. दोन भोकं पाडली अन् स्क्रू मारले.”

“सैल होत नाही?”

“रिक्षा सैल झाली. हे नाय झालं.”

त्याच्या रिक्षेत फोन हे दाखवायचं यंत्र नाही. त्यावर भाडं येतं, पत्ता येतो, पैसे येतात. तो पडला तर दिवस पडला. त्याला गाडीची पुढची किंमत सांभाळायची नाही, आजची कमाई सांभाळायची आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या स्कूटरवरही हेच दिसतं. नटबोल्टने आवळलेला कंस, वर पावसासाठी पारदर्शक पिशवी. ज्यांना रस्ता खरोखर शोधायचा असतो ते स्क्रू मारतात. उरलेल्या आम्हा लोकांना बहुतेक रस्ता आधीच पाठ असतो. घरापासून ऑफिसपर्यंत नकाशा लावून जाणारे आम्ही, आम्हाला वाटी परवडते.

राहिला प्रश्न गाडी विकतानाच्या किमतीचा. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा माणूस टायर बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, दार किती वेळा रंगवलं ते बोटाने ठोकून ओळखतो आणि काचेवरच्या गोल डागाकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन बारीक भोकांकडे तो पाहील असं मला वाटत नाही. आणि पाहिलंच, तर हजार-पाचशे कमी करायला त्याला तसंही काही तरी निमित्त लागतंच.

तेव्हा गाडी चार-पाच वर्षांची झाली असेल, सीटवरचं प्लास्टिक निघालं असेल आणि घाटरस्ता नेहमीचा असेल, तर सरळ दोन स्क्रू मारून घ्या. कंस आखूड घ्या, नजर रस्त्यावरून फार खाली जाणार नाही अशा जागी लावा, एअरबॅगच्या झाकणापासून लांब ठेवा, आणि ड्रिल लावण्याआधी त्या जागेमागे वायरिंग नाही हे गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. एवढं धाडस होत नसेल, तर सक्शनवालाच घ्या; काच स्पिरिटने पुसून कोरडी करा, दांडा बुटका निवडा आणि गाडी उन्हात लावताना वाटी काढून कप्प्यात ठेवा. पत्ता मात्र दोन्ही प्रकारांत गाडी सुरू करण्याआधी टाकायचा.